पे अँड पार्कला साडेतीन स्टार, वरच्या रिकाम्या जागेला शून्य

सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती या भागात खरेदीला जाणाऱ्यांसाठी लिहितेय. पेठेपासून चालत चार-पाच मिनिटांवर जे सार्वजनिक पे अँड पार्क आहे, पत्र्याच्या कंपाउंडवालं, त्याचा हा रिव्ह्यू. चालवणाऱ्याचं नाव टाकत नाही, कारण कंत्राट बदलत राहतं आणि तुम्ही जाल तेव्हा कदाचित तिथे दुसराच कोणी असेल. टू व्हीलरला दहा, कारला तीस, वेळेचं बंधन तसं नाही, बस्ता काढायला गेलात आणि चार तास लागले तरी तेवढेच. पावती मागितली तर मिळते. क्यूआर कोड खांबाला चिकटवलाय पण उन्हाने इतका फिका झालाय की स्कॅन होता होत नाही, सुट्टे ठेवा.

गेटवरचे मामा हा इथला खरा प्लस पॉइंट. कुणाशी वचवच नाही, गाडी कुठे लावायची ते हाताने दाखवतात, हँडल लॉक करू नका म्हणून सांगतात आणि तुम्ही केलंच तरी चिडत नाहीत. आणि एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याच पार्किंगमध्ये बघितली नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा दुपारी काळ्या सीटवर बसणं काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. मामांनी गेटच्या आत पुठ्ठ्यांचा ढीग करून ठेवलाय, दुकानांतून टाकलेल्या साड्यांच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे. तुम्ही गाडी लावून वळलात की ते सीटवर एक पुठ्ठा टाकतात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर विटेचा तुकडा. कुणी सांगितलेलं नाही, एक्स्ट्रा पैसे नाहीत. स्कूटीवाल्या बायका तर याच्यासाठीच इथे येतात बहुतेक.

आता बाकीचं. सावली नाही. एक लिंब आहे कोपऱ्यात, त्याखालची जागा सकाळी दहालाच जाते, ती बहुतेक आजूबाजूच्या दुकानदारांच्याच गाड्यांनी, म्हणजे गिऱ्हाइकासाठीच्या पार्किंगमधली सगळ्यात चांगली जागा दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या शेटची. जमीन कच्ची, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, साइड स्टँड आत रुततो आणि गाडी आडवी. टॉयलेट नाही, लहान मुलं बरोबर असतील तर आधीच बघून ठेवा. आत-बाहेर जायला एकच गेट, त्यामुळे संध्याकाळी सातला एक कार बाहेर निघायची असेल तर आत येणारे सगळे रस्त्यावर, मग मागचे हॉर्न, मग रिक्षावाल्याचं लेक्चर. दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नका, होम मैदानाकडची गर्दी इथपर्यंत येते, तेव्हा मी सरळ रिक्षाने जाते.

तरी पण रस्त्यावर लावून पी वन पी टू च्या तारखा आठवत बसायचं आणि साडी बघता बघता कान बाहेर टोइंगच्या क्रेनकडे ठेवायचे, त्यापेक्षा दहा रुपये परवडले. म्हणून साडेतीन स्टार. नुसती सर्व्हिस कशी आहे एवढंच वाचायला आला असाल तर इथे थांबलात तरी चालेल, पुढे मी जरा वेगळं लिहिणार आहे.

झालं असं की मी मामांना विचारलं, मामा शेड का टाकत नाही हो मालक, लोक वीस रुपये पण देतील सावलीला. मामा हसले. "ताई, शेड कोण टाकणार, थोड्या दिवसाचं काम हाय. पत्र्याचा खर्च निघूस्तोवर कंत्राट दुसऱ्याकडं." बरोबर आहे की. ज्याची जागा नाही तो कशाला खर्च करेल, आणि ज्यांची जागा आहे त्यांना पावती फाडली की बास. घरी येऊन हे दिराला सांगितलं, तो बांधकामातला माणूस, तो म्हणाला वहिनी पत्र्याची शेड आपल्याकडे कामाचीच नाही, पत्रा तापला की खाली भट्टी, सावली पाहिजे तर स्लॅबची पाहिजे. आणि स्लॅब टाकायचाच तर वर घरं का नको? आपल्या बिल्डिंगला काय आहे मग?

खरंच की हो. आम्ही जुळे सोलापुरात राहतो तिथे खाली पार्किंग आणि वर चार मजले, विजापूर रोडला जा, होटगी रोडला जा, सगळीकडे हेच, बिल्डर लोक गुंठाभर जागा रिकामी सोडत नाहीत. स्टिल्टचं, म्हणजे खांबांवर उभ्या बिल्डिंगखालचं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे ते तर सगळेच काढतात. मग गावाच्या अगदी मधोमध, जिथे गुंठ्याचा भाव ऐकून माणूस खाली बसेल, तिथे सरकारी मालकीच्या जागेवर फक्त गाड्या आणि वर आभाळ, हे कुठलं गणित? आणि गाड्या पण किती वेळ? सकाळी नऊला जाऊन बघा, दोन-चार गाड्या आणि पतंग उडवणारी पोरं. दुपारी अडीच-तीनला अर्धं रिकामं. गर्दी काय ती संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. रात्री दहानंतर गेटला साखळी. मामांच्याच शब्दांत, "नऊनंतर हितं कुत्रं बी फिरत नाही."

हेच मामा कुंभारीच्या घरकुलात राहतात. त्यांची बायको विड्या वळते, पोरगा पेठेतल्याच एका दुकानात कामाला, म्हणजे घरातले दोघं रोज बाजारात येतात आणि रोज परत जातात, अक्कलकोट रोडने दहा-बारा किलोमीटर. रात्री दुकान वाढवून पोरगा निघतो तेव्हा शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं. मामा म्हणतात घर झ्याक आहे, तक्रार नाही, पण पगारातला बराच हिस्सा जाण्या-येण्यात जातो.

कुंभारीच्या घरांना मी नावं ठेवणार नाही. विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते, आणि नंतर रे नगरची ३० हजार घरांची योजना, त्यातल्या १५ हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या. कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते सगळ्या सोलापूरला माहितीय, राजकारण कुणाचं पटो न पटो. एवढं काम महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या कामगारांनी करून दाखवलंय ते सांगा. पण जमीन स्वस्त मिळते ती गावाबाहेर, म्हणून घर गावाबाहेर, आणि काम मात्र पेठेत. आधी असं नव्हतं. १८७७ ला जुनी मिल निघाली, मग बाकीच्या आल्या, तेव्हा कामगार मिलच्या आसपासच राहायचे, भोंगा वाजला की चालत निघायचे. पूर्व भागात, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक तिकडे अजूनही माग खाली आणि घर वर असं आहे, म्हणजे कामाच्या डोक्यावर राहणं आपल्याला काय नवीन नाही. नंतर मिल बंद पडल्या, जागांचं जे व्हायचं ते झालं, आणि कमी पगाराचा माणूस गावाच्या कडेकडेला सरकत गेला.

दिराने कागदावर आकडे मांडून दाखवले, मी ते जसेच्या तसे देते. समजा जागा दहा गुंठे, म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. एक कार उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर लागते, साडेबारा चौरस मीटर, पण वळायला, आत-बाहेर जायला धरून कारमागे पंचवीसेक जातात. म्हणजे चाळीसेक कार, किंवा त्याच्या कितीतरी पट स्कूटर. आणि प्रधानमंत्री आवास शहरीच्या पहिल्या योजनेत सगळ्यात कमी उत्पन्नाच्या गटाचं घर किती होतं? कार्पेट ३० चौरस मीटरपर्यंत. थोडक्यात एक कार आरामात फिरवायला जेवढी जागा देतो ना, जवळजवळ तेवढ्यात एक कुटुंब राहतं, स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे सगळं धरून. हजारपैकी अर्ध्या जागेवरच बिल्डिंग उभी केली, जिना, लिफ्ट, पॅसेज वजा केला, तरी मजल्याला बारा घरं बसतात. चार मजले म्हणजे पन्नासाच्या आत-बाहेर. खालच्या पार्किंगमधून कॉलमपायी काही जागा जातील, त्याचं म्हणणं पाच-सहा कारच्या, पण जमीन पक्की होईल, पट्टे मारता येतील, आत्ता वेड्यावाकड्या गाड्या लावून जेवढी जागा वाया जाते त्यातून ती भरून निघेल. आणि सावली फुकट. पुठ्ठ्याची गरज नाही.

(कॉलम मात्र आधी पार्किंगच्या मापाने टाकायचे आणि मग वर खोल्या बसवायच्या, उलटं केलं की दोन कॉलमच्या मध्ये पावणेतीन गाड्या बसतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये ही गंमत आहे, एका फ्लॅटवाल्यांना कार लावून खिडकीतून उतरायला लागेल अशी जागा मिळालीय.)

हे खूळ फक्त माझ्याच डोक्यातलं आहे असं समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेनलो पार्क म्हणून गाव आहे, फेसबुकवाल्या मेटाचं मुख्य ऑफिस तिथलं, घरांचे भाव गगनाला भिडलेले. तिथे राज्य सरकार प्रत्येक गावाला आठ वर्षांसाठी घरांचं टार्गेट देतं, तुमच्या गावात एवढी घरं कुठे होऊ शकतात ती जागा दाखवा म्हणतं. तर मेनलो पार्कने गावाच्या मध्यातल्या स्वतःच्या तीन पार्किंगच्या जागा दाखवल्या, तिथे कमी उत्पन्नवाल्यांसाठी ३४५ घरं बांधायची, आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात पार्किंगही त्यातच द्यायचं. झालं, व्यापारी पेटले. गिऱ्हाईक तुटेल, बांधकामाच्या काळात धंदा बसेल, घरं बांधा पण दुसरीकडे बांधा. काहीजण कोर्टात गेले, त्यांचा मुद्दा मला इंटरेस्टिंग वाटला, या पार्किंगसाठी पूर्वी आमच्या मालमत्तांवर आकारणी करून पैसे घेतलेत, आता आम्हाला न विचारता त्याचं दुसरं काही करता येणार नाही.

नवी पेठेतल्या ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षं कपडे घेतो त्या शेटना मी हे सांगून बघितलं. शब्द न शब्द तोच. "ताई, तुम्ही बी लागलात का पार्किंगच्या मागं? आधीच गिऱ्हाईक मोबाईलवर खरेदी करालंय, गाडी लावायला जागा नसली तर मॉलमधीच जाणार की." मी म्हणलं शेट, पार्किंग जाणार नाही, खालीच राहणार. तर म्हणे बांधकाम दोन वर्षं चालंल म्हणतील आणि सहा वर्षं चालंल, तवर आम्ही काय करायचं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि रस्ते खोदून ठेवलेल्या सोलापुरात कुणाकडे असेल असं वाटत पण नाही. हा मुद्दा त्यांचा शंभर टक्के खरा. पण त्याच शेटच्या दुकानाची बेसमेंट नकाशात पार्किंग असणार बहुतेक, आज तिथे चादरी-टॉवेलचे गठ्ठे आहेत. ते मी बोलले नाही, उधारी असते आमची.

आणि खरं सांगायचं तर पेठेत पार्किंग कमी आहे की फुकटचं पार्किंग कमी आहे हा वेगळा प्रश्न. डोनाल्ड शूप म्हणून अमेरिकेतले प्रोफेसर होते, २०२५ मध्ये वारले, सगळं आयुष्य पार्किंगवर अभ्यास केला माणसाने. ते म्हणायचे गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, आणि रस्त्यावरच्या जागेचा दर असा पाहिजे की नेहमी शंभरातल्या पंधरा जागा मोकळ्या सापडतील. आपल्याकडे उलटं, दुकानासमोरचा रस्ता फुकट आणि चालत पाच मिनिटांवरच्या मैदानाला पैसे, मग कोण जाणार तिथे, फक्त माझ्यासारखे क्रेनला घाबरणारे. मुंबईत हे होऊन गेलंय, बिल्डरांना जादा एफएसआय देऊन त्यांच्याकडून सार्वजनिक पार्किंगचे मजलेच्या मजले बांधून घेतले, आणि त्यातले कितीतरी रिकामे पडले कारण खाली रस्त्यावर फुकट लावता येत होतं. तेव्हा नुसता दिखाऊ पार्किंग टॉवर बांधायला निघाले तर त्याला माझा विरोध. वर माणसं राहणार असतील तरच स्लॅबचा खर्च करा.

माझी भीती वेगळीच आहे. पहिली, पाणी. उजनीवरून पाइपलाइन येते तरी आपल्याकडे रोज नळ येत नाही, आणि जुन्या पेठांमधल्या ड्रेनेजच्या लाइनी कधीच्या आहेत देव जाणे, तिथे एकदम पन्नास घरांचे संडास जोडायचे म्हणजे आधी खालचं काम करायला लागेल. टाकी मोठी पाहिजे, पावसाचं पाणी मुरवलं पाहिजे. दुसरी, ही घरं विकायची नाहीत. विकली की पाच वर्षांत सगळी शेटजींच्या नावावर, आत गोडाऊन, आणि मामा परत कुंभारीला. भाड्याने द्या, मालकी महापालिकेकडे ठेवा, प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे, तो वापरा. पेठेत कामाला येणाऱ्या पोरी, हॉस्पिटलातल्या नर्स, बाहेरगावहून आलेले एसटीचे कंडक्टर, यांना खोली शोधताना काय काय ऐकून घ्यायला लागतं ते त्यांनाच विचारा. आणि पन्नास कुटुंबं रात्री तिथे राहायला लागली तर नऊनंतर जी पेठ मुकी होते, बायकांना तिथून एकटं जायला नको वाटतं, तिथे एखादं दूधवाल्याचं दुकान, एखादा इडलीचा गाडा आपोआप येईल. तिसरी भीती म्हणजे खालचं पार्किंगच हळूहळू गायब होईल. आधी एक वॉचमनची खोली, मग पानपट्टी, मग झेरॉक्स, मग कुणाचं तरी संपर्क कार्यालय.

प्रत्येक मोकळ्या जागेवर बिल्डिंग ठोका असंही मी म्हणत नाहीये. होम मैदानाला हात लावला तर सगळं गाव रस्त्यावर येईल आणि मी पहिली असेन, नंदीध्वजांची जागा आहे ती. पार्क चौकातला, चार पुतळ्यांजवळचा मोकळेपणा पण तसाच राहू दे, गावाला श्वास घ्यायला तेवढं तरी पाहिजे. मी फक्त पत्र्याच्या कंपाउंडमधल्या कच्च्या पार्किंगबद्दल बोलतेय, जिथे सध्या मैदान पण नाही, बाग पण नाही, आणि संध्याकाळचे तीन तास सोडले तर पार्किंग पण नाही. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले होते, पार्क स्टेडियम चकाचक झालं, तलावाचं काम झालं, पण त्या सगळ्यात बाजारात काम करणारा माणूस बाजाराजवळ राहील असा एक पण प्लॅन मला आठवत नाही.

तोपर्यंत आहे त्या सर्व्हिसमध्ये काय सुधारता येईल तेवढं तरी करा. दुकानदारांच्या दिवसभराच्या गाड्यांना वेगळा, जास्तीचा दर लावा आणि लिंबाखालची जागा म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्यांसाठी ठेवा. बाहेर जायला मागच्या बाजूने दुसरं गेट काढा, तिकडे बोळ आहे, फक्त टू व्हीलरला पुरेल. दोन टॉयलेट. क्यूआर कोड लॅमिनेट करून सावलीत लावा, एवढं तर उद्या होईल. आणि पुढचं कंत्राट काढताना त्यात एक अट घाला, की चालवणाऱ्याने तासातासाला किती गाड्या आत आहेत ते लिहून महापालिकेला द्यायचं. मामा तसंही पावतीबुकाच्या मागे पेन्सिलीने रेघा मारत असतातच, मी बघितलंय, पाच-पाच रेघांचे गठ्ठे, कार वेगळ्या आणि स्कूटर वेगळ्या. वर्षभराच्या त्या रेघा कुणी जोडल्या तर शेट, मी आणि दीर तिघांचं भांडण मिटवायला दुसरा सर्व्हे करायला नको.